ताप घरात, खूण कोठ्यात

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्य ताईंची उत्तरं

पोळा झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. उन्हाळ्यात विचारणा असते चाऱ्याची, लसींची, गाभण म्हशीच्या खुराकाची. भाद्रपद लागला की तापाची पत्रं सुरू होतात. या वेळच्या गठ्ठ्यातून पाच पत्रं निवडली आहेत आणि पाचही जनावरांकडून माणसाकडे येणाऱ्या आजारांची आहेत. मी पशुवैद्य आहे, माणसांची डॉक्टर नाही. त्यामुळे माणसाच्या औषधाचा डोस या पानावर सापडणार नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगायचं, ते मात्र सापडेल. यवतमाळ, वाशीम, गोंदिया अशी सगळी नोकरी खेड्यांत झाली. तेवढ्यात एक गोष्ट मनात पक्की बसली. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, काय झालं ते माणसाच्या दवाखान्यात कुणी सांगत नाही आणि घरात कोण आजारी आहे ते पशुवैद्याला कुणी सांगत नाही. आपल्याकडे निदानाला होणारा अर्धा उशीर इथलाच आहे.

*

डॉक्टर ताई, आमच्याकडे दोन गाई, एक कालवड आणि सहा-सात बकऱ्या आहेत. ज्येष्ठात आमची जर्सी गाय सातव्या महिन्यात गाभडली. जार पडत नव्हता, तर मिस्टरांनी हातानं ओढून काढला. त्याच्या आधी एक बकरी पण गाभडली होती. गाय आता माजावर येते पण ठरत नाही. तिला काय खाऊ घालू? का बाजारात नेऊन विकून टाकू? मिस्टरांना पण दीड महिन्यापासून ताप येतो-जातो, कंबर धरते. टायफॉइड म्हणून सलाईन लावल्या. घरात कामाला माणूस नाही, म्हणून लवकर उत्तर द्या.
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका

ताई, तुम्ही विचारलं गायीचं, पण मी आधी मिस्टरांचं बोलते. गाय आठ दिवस थांबू शकते, ते थांबू शकत नाहीत.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकाच घरात घडल्या आहेत. बकरी गाभडली, गाय शेवटच्या तिमाहीत गाभडली, आणि उघड्या हातानं जार काढणाऱ्या माणसाला काही आठवड्यांनी येऊन-जाऊन ताप सुरू झाला. असं दिसलं की पशुवैद्याच्या मनात पहिलं नाव येतं ते ब्रुसेलोसिसचं, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचं. तो आजार मिस्टरांना आहेच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तो तपासलाच पाहिजे, हे अगदी ठासून सांगते.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांना घेऊन जा. केसपेपर निघाल्यावर डॉक्टरांना नुसतं 'ताप आहे' म्हणू नका. सांगा की आमची गाय अमुक महिन्यात गाभडली, यांनी हातानं जार ओढला, बकरीचं दूध आम्ही कच्चं घेतो किंवा घेत नाही, ताप संध्याकाळी चढतो की कधीही, रात्री घामानं बनियन भिजतं का. पुरुष लाजेनं सांगत नाहीत, पण या आजारात कधी कधी अंडाला सूज येते. आली असेल तर तेही सांगायला लावा. एवढं ऐकल्यावर ब्रुसेलाची रक्ततपासणी सांगायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. हा आजार अंगदुखी आणि तापाच्या मागे असा लपतो की कुणी कोठ्याची गोष्ट काढली नाही, तर माणूस टायफॉइड, मलेरिया, मणक्याचा त्रास अशा चकरा मारत राहतो. टायफॉइडची जी विडाल तपासणी करतात, ती आपल्या भागात जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावर विसंबून महिनोन्‌महिने सलाईन घेणं बरोबर नाही.

निदान झालंच तर बहुतेक वेळा दोन प्रतिजैविकं एकत्र, सहा आठवडे घ्यावी लागतात. काही दिवसांत ताप उतरतो, माणूस वावरात जायला लागतो, गोळ्या डब्यात राहतात आणि ताप उलटतो. तुम्ही स्वतः त्यांच्या गोळ्या मोजा. त्यातलं एक औषध क्षयरोगावरही वापरतात, म्हणून मेडिकलच्या दुकानातून परस्पर काही आणू नका.

आता गाय. तिला खाऊ घालून हा प्रश्न सुटत नाही. तिच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताचे नमुने पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासायला पाठवा. गाईंमध्ये या आजारावर भरवशाचा इलाज नाही. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेळी पूर्ण दिवसांचं वासरू देऊही शकते, आणि इथेच लोक फसतात. गाय सुधारली असं वाटतं, पण तिच्या विताना पडणाऱ्या पाण्यातून, जारातून आणि दुधातून जंतू बाहेर पडतच राहतात. न ठरण्याची कारणं दुसरीही असतात. तपासणीचा कागद हातात येईपर्यंत तिला वेगळी बांधा, गावच्या वळूकडे नेऊ नका, आणि बाजारात तर मुळीच नाही. तुम्ही विकाल, दुसऱ्या तालुक्यातली एखादी तुमच्यासारखीच बाई ती घेईल आणि तिच्या घरात हेच सुरू होईल. पैशाची अडचण मला समजते. दुधाची गाय दारात नुसती उभी ठेवणं सोपं नाही. तरी मी हेच सांगेन.

दूध उकळी फुटेपर्यंत तापवलं तर पिता येतं. चीक, कच्चं दूध, कच्च्या दुधाचं दही बंद. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला या कोठ्यात शेण-झाडलोट करायला लावू नका.

जाराबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्या खेड्यांतली सगळ्यात धोक्याची सवय हीच आहे. गाय विते रात्री. कंदील नाहीतर मोबाइलचा उजेड असतो, घरचा माणूस बाह्या सरसावतो, जार हाताला पिळा देऊन ओढतो आणि बाहेर नेऊन उकंड्यावर फेकतो. हाताला तुरीच्या खुंटाच्या, काट्यांच्या चिरा असतातच. त्या चिरांतून जंतू आत जायला वेळ लागत नाही. पहाटे कुत्री तो जार ओढत ओढत चार घरांच्या अंगणातून नेतात. गाभडलेल्या गायीच्या जारात या जंतूंची संख्या अफाट असते. म्हणून जार ओढूच नका, डॉक्टरांना बोलवा. पडलेला जार किंवा मेलेलं वासरू उचलायची वेळ आलीच तर हातावर कोपरापर्यंत जाड पन्नी चढवून मनगटाशी आणि वर सुतळीनं बांधा. कंबरभर खड्डा करून आत टाका, वर चुना, वर माती आणि मातीवर बाभळीच्या काट्या, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खालचं भिजलेलं कुटार जाळा. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा आणि नंतर स्वतःचे हात साबणानं.

तुमच्या कालवडीचं वय लिहिलेलं नाही. ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांनाच देतात, आयुष्यात एकदाच. २०१९ पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती फुकट मिळते. कानात बारा अंकी बिल्ला मारून नोंद करतात. गाभण गायीला आणि गोऱ्ह्याला ती देत नाहीत. लस जिवंत जंतूंची आहे, म्हणून टोचणाऱ्यानं हातमोजे घालणं आणि वासरू घट्ट धरणं फार महत्त्वाचं. सुई माणसाच्या हाताला लागली तर त्यानं त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. शेजाऱ्यांच्या वासऱ्या त्या वयात असतील तर त्यांनाही हे वाचून दाखवा.

आणि बकरीकडे 'तिला काय झालंय' म्हणून दुर्लक्ष करू नका. बकऱ्यांमध्ये या जंतूची जी जात असते, ती माणसाला जास्त छळते. माल्टा बेटावर इंग्रज सैनिक वर्षानुवर्षं अशाच तापानं पडायचे. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या तिथल्याच डॉक्टरनं बकऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा दिसायला धडधाकट असलेल्या बकऱ्यांत तो सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांचं बकरीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्यानं उतरला. माणसाच्या डॉक्टरनं कोठ्यात पाऊल टाकलं, म्हणून हा प्रश्न सुटला.

*

मॅडम, आमच्या गावात एका शेतकऱ्याची म्हैस लाळ गाळत, आरडत मेली. डॉक्टरांनी रेबीज सांगितला. तिच्या दुधाचं दही एका तेरवीच्या जेवणात होतं. आता अख्खं गाव इंजेक्शनच्या रांगेत उभं आहे, आरोग्य केंद्रातली लस संपली म्हणतात. सगळ्यांनी घ्यायलाच हवी का?
— एक वाचक, रिसोड तालुका

नाही भाऊ. रांगेत उभे असलेले बहुतेक जण घाबरून आले आहेत आणि ज्यांना खरी गरज आहे ते कदाचित घरीच बसले आहेत.

दूध तापवलेलं होतं आणि दही त्याचंच होतं, तर जेवलेल्यांना लस नको. उकळीत हा विषाणू टिकत नाही. कुणी कच्चं दूध प्यायलं असेल तर त्यानं डॉक्टरांना तसं सांगून सल्ला घ्यावा. खरा धोका लाळेत आहे. रेबीज झालेल्या म्हशीला गिळता येत नाही, तोंडातून तार गळते, आवाज घोगरा होतो. मालकाला वाटतं घशात बोंड नाहीतर आंब्याची कोय अडकली. तो जबडा फाकवून कोपरापर्यंत हात आत घालतो. बायका नाळीनं तेल पाजतात, तेव्हा बोटं दातांना लागतात. ही सगळी माणसं पहिल्या दिवशी लसीला गेली पाहिजेत. म्हशीच्या मालकाच्या घरी जाऊन विचारा: तोंडात हात कुणी घातला, पाजायला कुणी धरलं, लाळेच्या हातावर जखम कुणाला होती. ही नावं आधी न्या.

दुसरं म्हणजे म्हशीला चावलेलं कुत्रं. ते कुठलं, कधी आलं, अजून कुणाला चावलं? हे बहुधा कुणी विचारलेलं नसतं. लोक मेलेल्या म्हशीपाशी गोळा होतात, पण ते कुत्रं त्याच दिवशी आणखी दोन वाड्यांतून गेलेलं असतं. एखाद्या पोराला ओरखडा देऊन गेलं असेल आणि पोरानं मार बसेल म्हणून आईला सांगितलंही नसेल. रेबीजची लक्षणं माणसात सहसा एक ते तीन महिन्यांनी दिसतात. एकदा दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही, आणि त्याआधी पूर्ण लस घेतली तर वाचतो. एवढा स्वच्छ फरक असलेला दुसरा आजार मी पाहिलेला नाही. म्हणून आशा ताई आणि पशुधन पर्यवेक्षक या दोघांनी मिळून एकच यादी करायची: चावलेली माणसंही त्यात आणि चावलेली ढोरंही. कुत्रं चावलेल्या जनावरालाही लस देतात, ती वेळेवर दिली तर ते वाचू शकतं.

चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. मिरची, चुना, हळद, तेल काही भरायचं नाही. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचं वेगळं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, लागतं. ते आरोग्य केंद्रात नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. ठरलेल्या तारखा चुकवू नका. सोयाबीन कापणीत शेवटचे डोस राहून जातात, दरवर्षी हेच होतं.

कुत्री इतकी का वाढली, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. कारणं अनेक आहेत, त्यातलं एक माझ्याच पेशातून आलेलं आहे. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत गिधाडं हाडं मोकळी करायची. मग ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचणं सुरू झालं. ते औषध अंगात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. गिधाडं जवळजवळ संपली, कुत्र्यांना ते मांस मोकळं मिळालं. जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं. २०२४ च्या सुरुवातीला ताडोबा आणि पेंचमध्ये गिधाडं आणून ठेवली, ती बातमी वाचून मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही. तुमच्या गावात कुणी माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या बाटल्या बैलाला टोचत असेल तर त्याला थांबवा. मेलॉक्सिकॅम मिळतं, ते गिधाडांना चालतं.

*

ताई, मी आशा आहे. पोळ्यानंतर आमच्या गावात तापाचे रुग्ण वाढले. साहेबांनी सांगितलं, स्क्रब टायफसची खूण पाहत जा. खूण कशी असते आणि कुठे पाहायची? लोक म्हणतात ढोरांच्या गोचिडांमुळे होतो, ढोरांना फवारणी करा.
— एक आशा स्वयंसेविका, नरखेड तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यासारख्या बायांच्या डोळ्यांवर या आजाराचं निदान अवलंबून आहे.

खूण म्हणजे एक काळी खपली, कडेला लाल, सिगरेटचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून आजाऱ्यालाही ती माहीत नसते. हा आजार पसरवणारा किडा म्हणजे एका माइटची, म्हणजे गोचिडासारख्या पण फार बारीक किड्याची, पिल्लं. ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. गवतातून ती पायावर चढतात आणि जिथे कापड अंगाला घट्ट असतं तिथे थांबून चावतात. म्हणून परकराच्या नाडीखाली पाहा, जांघेत, काखेत, छातीखाली, कानामागे, लहान मुलांच्या केसांत. निंदणाला बसणाऱ्या बाया दिवसभर गवतात असतात आणि पुरुष डॉक्टरांपुढे त्या ही जागा दाखवत नाहीत. डॉक्टर हात, पाय, पोट पाहतात, खूण सापडत नाही आणि ताप 'व्हायरल' ठरतो. तुम्ही आतल्या खोलीत नेऊन पाहिलं तर सापडेल. सगळ्यांनाच खूण उठत नाही, हेही लक्षात ठेवा. नाही सापडली म्हणून आजार नाही असं नव्हे.

पाच दिवसांवर ताप, डोकं फुटेल असं दुखणं आणि वावरात किंवा बागेत काम, एवढं जुळलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा. डॉक्सिसायक्लिन हे जुनं आणि स्वस्त औषध वेळेवर सुरू झालं तर ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला डॉक्टर दुसरं देतात, म्हणून ती गरोदर आहे हे चिठ्ठीवर लिहून पाठवा. उशीर झाला की फुफ्फुस, मूत्रपिंड, मेंदू धरतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत यानं माणसं गेली, तेव्हा बरेच रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचले तेच उशिरा.

गोचिडांचं म्हणाल तर ढोरांवर फवारून हा ताप थांबत नाही. ढोरांच्या भल्यासाठी फवारा जरूर, पण या किड्याचा संबंध उंदीर-घुशींशी आणि झुडपांशी आहे. तुमच्या संत्र्याच्या बागांत धुऱ्यावर जे गवत वाढतं ते, आणि घराला लागून जळणासाठी रचलेला तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग, या दोन जागा पाहा. ढिगात उंदीर राहतात, ढिगाभोवती गवत वाढतं आणि पोरं तिथेच खेळतात. ढीग घरापासून दूर हलवता आला तर हलवा. ओले कपडे झुडपावर वाळत घालू नका, वावरातून आल्यावर अंघोळ आणि कपडे बदलणं. माणसाकडून माणसाला हा होत नाही, तेव्हा आजाऱ्याला वेगळं बसवायचं काही कारण नाही.

एक काम माझ्यासाठी करा. तुमच्या वहीत तापाच्या रुग्णापुढे तो कुणाच्या बागेत कामाला होता, हे लिहा. तीन नावांपुढे एकच बाग आली तर कृषी सहायकाला आणि डॉक्टरांना एकदमच फोन करा.

*

मॅडम, मी बारावीला आहे. गोरेवाड्याचे वाघ बर्ड फ्लूनं मेले असं ऐकलं. वाघाला पक्ष्यांचा आजार कसा होतो? आणि मला अशा आजारांवर काम करायचं असेल तर डॉक्टर व्हावं की पशुवैद्य?
— एक विद्यार्थी, रामटेक तालुका

ऐकलंस ते खरं आहे, बेटा. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुन्यांत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, निघाला. मांजरकुळातल्या प्राण्यांना हा विषाणू बाधलेल्या पक्ष्याचं कच्चं मांस खाल्ल्यानं होऊ शकतो. म्हणून तुझ्या गावात एकदम कावळे, बगळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात लावू नकोस, आणि मरायला टेकलेली कोंबडी 'वाया जाईल' म्हणून कुणी कापत असेल तर थांबव. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यांना भ्यायचं कारण नाही.

काय व्हावं, हे तुझ्या आवडीवर आहे. दोन्हीकडे 'नीट' ही प्रवेश परीक्षाच द्यावी लागते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, मीही तिथलीच. पण या कामाला कीटकांचा अभ्यास करणारे लागतात, जंगलाचे जाणकार लागतात, नकाशे आणि आकडे जुळवणारे लागतात. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. आज तो चांदीपुरा याच नावानं ओळखला जातो आणि लहान मुलांच्या मेंदूवर जातो. तो पसरवते ती मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी सँडफ्लाय नावाची बारीक माशी. या एका आजारासाठी बालरोगतज्ज्ञ, कीटकशास्त्रज्ञ आणि भिंती लिंपणारी बाई, तिघांचीही गरज आहे. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहण्यासाठी राष्ट्रीय एक आरोग्य संस्था नागपुरातच उभी राहायची आहे. तिची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा काम घराजवळच असेल.

*

ताई, पंचायत समितीच्या बैठकीत 'एक आरोग्य' ऐकलं. पण गावात आरोग्यवाले वेगळे येतात, पशुसंवर्धनवाले वेगळे, वनखातं वेगळं. एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. आमच्या छोट्या ग्रामपंचायतीकडे पैसाही नाही. आम्ही काय करू शकतो?
— एक महिला सरपंच, अर्जुनी मोरगाव तालुका

सरपंच ताई, वरून येणारी खाती एकत्र येतील तेव्हा येतील. गावात ती तुम्ही बसवू शकता, आणि त्याला जवळजवळ पैसा लागत नाही.

तुमच्याकडे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहेच. आशा ताई, अंगणवाडी सेविका तिच्यात असतात. तिच्या बैठकीला पशुधन पर्यवेक्षक आणि वनरक्षक यांना पत्र देऊन बोलवा. आणि दोन माणसं अशी बोलवा ज्यांना आजवर कुणी विचारलं नाही: गावचा गुराखी, आणि मेलेली ढोरं ओढून नेणारा. कुठली गाय गाभडली, कुठलं ढोर दोन दिवसांपासून चरत नाही, रानडुक्कर कुठे मेलेलं दिसलं, हे गुराख्याला सगळ्यांच्या आधी माहीत असतं. ढोरं नेणाऱ्याचा तर जीवच धोक्यात असतो. काळपुळी, म्हणजे काही भागांत जिला फाशी म्हणतात, त्या आजारानं ढोर अचानक पडतं आणि नाकातून, गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त येतं. अशा ढोराला सुरी लावायची नाही, कातडं काढायचं नाही. उघडं केलं की जंतूंचे बीजाणू मातीत जातात आणि तिथे कित्येक वर्षं जिवंत राहतात. डॉक्टर येईपर्यंत त्यावर पालापाचोळा टाकून कुत्री हाकलत राहायची, आणि मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. हे त्याला समोर बसवून, मानानं सांगा. त्याला हातमोजे आणि बूट ग्रामपंचायतीनं घेऊन द्यावेत, समितीच्या अबंधित निधीतून बसवता येतील का ते विचारा.

तुमच्याकडे धान आहे, म्हणून रोवणीच्या दिवसांचंही पाहा. बांधीतल्या पाण्यात उंदीर आणि ढोरांचं मूत मिसळतं, त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, होतो. चिखलात दिवसभर भिजलेल्या पायांच्या भेगांतून तो शिरतो. ताप, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखणं आणि लाल डोळे दिसले तर रोवणीचा थकवा म्हणून घरी झोपवू नका. ज्यांच्या पायांना जखमा आहेत त्यांना त्या आठवड्यात पऱ्हे उपटून बांधायचं किंवा बांधावरचं काम द्या, हे मजुरांच्या टोळ्या ठरवतानाच बोलता येतं.

एक साधी वही करा, पंचायतीत टांगून ठेवा. दर पंधरवड्याला एक पान. कुठल्या टोल्यात, म्हणजे वाडीत, कुणाला पाच दिवसांवर ताप, कुणाची गाय-बकरी गाभडली, कुणाला कुत्रं चावलं, काय काय मेलं. माणसांचं आणि जनावरांचं एकाच पानावर, कारण दोन वह्या केल्या की पुन्हा दोन खाती होतात. एका टोल्यात माणसांचा ताप आणि जनावरांचं गाभडणं किंवा मरणं सोबत आलं, तर आरोग्य केंद्रात फोन आणि १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय पथकाला फोन, दोन्ही त्याच दिवशी. कुणी म्हणालं की आमच्या ढोराचा आजार आम्ही का सांगू, तर २००९ चा जनावरांतील संसर्गजन्य रोगांचा कायदा त्यांना दाखवा. रेबीज, ब्रुसेला, काळपुळी त्याच्या यादीत आहेत, आणि असा संशय आला तर मालकानं गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचंच असतं. पण कायदा शेवटी दाखवा. ज्यानं कळवलं त्याचं दूध गावानं लगेच बंद केलं तर पुढच्या वेळी कुणीच कळवणार नाही, तेव्हा त्या घराशी गाव कसं वागेल हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.

बैठक धानाची कापणी सुरू व्हायच्या आत लावा, आणि संध्याकाळी, गुरं घरी आल्यावर. सकाळी लावली तर गुराखी येऊ शकणार नाही.